आठ कोअर, तरी प्रोग्राम तिथल्या तिथं: कोण कुणासाठी थांबलंय ते शोधायचं कसं

लूपच्या डोक्यावर ओपनएमपीची (लूपचं काम अनेक कोअरवर वाटून देणारी सोय) एक प्रॅग्मा ओळ, म्हणजे कंपायलरला सूचना, टाकली, आठ थ्रेड (एकाच प्रोग्रामचे आठ कामकरी) दिले, आणि वेळ आठवा हिस्सा व्हायच्या जागी जेमतेम निम्मा झाला. मग पोरं काय करतात, तर थ्रेड सोळा करून बघतात, मग बत्तीस, मग कंपायलरला ओ-थ्री (कोड आणखी वेगवान बनव असा फ्लॅग), मग कुणीतरी सांगतं की सी प्लस प्लस सोड आणि रस्टमध्ये लिही. सोलापुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये फेब्रुवारी-मार्चला जाऊन बघा, प्रोजेक्ट सबमिशनच्या तोंडावर हाच खेळ चाललेला असतो, आणि यात एकदाही कुणी प्रोग्रामला विचारत नाही की बाबा तुझा वेळ जातोय कुठं.

पॅरलल प्रोग्राम हळू आहे म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी कशासाठी तरी थांबलंय. एक थ्रेड दुसऱ्यासाठी, सगळे थ्रेड मेमरीसाठी, किंवा सगळेच एका लॉकसाठी (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) नाहीतर डिस्कसाठी. अशोक चौकाकडं ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना हे सांगायला नको, आठ यंत्रमाग लावले आणि कांड्या भरायचं मशीन एकच ठेवलं तर नववा माग घेऊन उत्पादन वाढत नाही. जीन ॲमडालनं 1967 मध्ये कॉम्प्युटरबद्दल हेच म्हटलं, कामाचा 10 टक्के भाग एकट्यानंच करायचा असेल तर आठ कोअरवर जास्तीत जास्त 4.7 पट वेग मिळतो आणि कोअर कितीही वाढवा, 10 पटीच्या वर जाणार नाही.

पुढं सगळीकडं एकच उदाहरण धरतो. समजा टॉवेलच्या कापडाचे फोटो तपासून विणकामातले दोष शोधणारा प्रोग्राम आहे, हजारो फोटो, प्रत्येक फोटोवर तीच प्रोसेस, आणि मशीन म्हणजे लिनक्स टाकलेला साधा लॅपटॉप. कमांडची नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा.

टूलच्या आधी माप

आधी 'एलएससीपीयू' मारा, प्रोसेसरची माहिती छापणारी कमांड. त्यात थ्रेड्स पर कोअर 2 दिसलं तर तुमचे आठ कोअर खरे चार आहेत, बाकीचे चार हायपरथ्रेडिंगचे, म्हणजे एकच कोअर दोन असल्यासारखा दाखवलेला, त्यांच्याकडून आठपट मागू नका. 'एलएसटोपो' असेल तर तो चित्रच काढून देतो, कुठला कॅशे (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) कुणात वाटलाय ते एका नजरेत कळतं.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ही मी चेष्टेत सांगत नाहीये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप आठही कोअर लावून पाच मिनिटं चालला की तापतो आणि स्वतःच क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली आणतो. एका थ्रेडच्या रनला टर्बो (तात्पुरता जादा वेग) मिळालेला असतो, आठ थ्रेडच्या रनला क्लॉक पडलेलं असतं, मग स्पीडअप (एका थ्रेडच्या किती पट वेग) कमी दिसतो आणि तुम्ही कोडला शिव्या घालता. म्हणून माप सकाळी घ्या किंवा निदान कूलरसमोर घ्या, चार्जर लावून घ्या (बॅटरीवर मशीन वेगळंच वागतं, आणि लाइट गेली की तुम्ही न कळत बॅटरीवरच असता), पॉवर प्रोफाइल परफॉर्मन्सवर ठेवा, आणि एक रन कधीच धरू नका. चार-पाच वेळा चालवा, मधला आकडा घ्या. पर्फ हे लिनक्सवरचं मोजमापाचं टूल, त्याचं 'पर्फ स्टॅट' सायकल्सच्या (क्लॉकच्या ठोक्यांच्या) ओळीशेजारी किती गिगाहर्ट्झनं काम झालं तेही छापतं, एक थ्रेड आणि आठ थ्रेड दोन्हीला तो आकडा आधी ताडून बघा, लई फरक असेल तर पहिला गुन्हेगार तिथंच सापडला.

आता 1, 2, 4, 8 थ्रेडवर वेळ मोजून ठेवा. थ्रेडची संख्या 'ओएमपी नम थ्रेड्स' या व्हेरिएबलनं ठरते, शब्दांमध्ये अंडरस्कोअर, सगळी अक्षरं कॅपिटल. चार आकडे मिळाले की नुसता ग्राफ काढून बसू नका, ॲलन कार्प आणि होरेस फ्लॅट यांनी 1990 मध्ये एक साधं सूत्र दिलं ते लावा, त्याला कुठलंच टूल लागत नाही, कॅल्क्युलेटर बास. एक भागिले स्पीडअप, त्यातून एक भागिले थ्रेड वजा करा, आणि येईल त्याला एक वजा एक भागिले थ्रेड यानं भागा. हा झाला तुमच्या प्रोग्रामचा अनुभवातून आलेला सिरियल हिस्सा.

समजा दोन थ्रेडवर स्पीडअप 1.9 आला, चारवर 3.2, आठवर 4. सूत्रातून येतं साधारण 5 टक्के, मग 8 टक्के, मग 14 टक्के. हा आकडा सगळीकडं सारखाच राहिला असता तर म्हटलं असतं की एकट्यानं करायचा भाग जास्त आहे, ॲमडालचा मामला. पण इथं तो थ्रेडबरोबर चढतोय, म्हणजे खाल्लेला वेळ सिरियल कोडमधला नसून थ्रेड वाढल्यामुळंच तयार होतोय: लॉक, असमान वाटणी, मेमरीची गर्दी, यातलं काहीतरी, नाहीतर आपले खोटे कोअर. मला विचाराल तर कुठलंही टूल इन्स्टॉल करायच्या आधी हे करा, कारण कुठल्या दिशेला शोधायचं ते इथंच निम्मं ठरतं.

सगळे कोअर शंभर टक्के, म्हणून काम चालू आहे असं नाही

'एचटॉप' (कुठला कोअर किती भरलाय ते दाखवणारी कमांड) उघडलं, आठही पट्ट्या हिरव्यागार भरल्यात, लोक खूश होतात. फसू नका. ओपनएमपीचे थ्रेड बॅरिअरला (सगळे येईपर्यंत थांबायची जागा) पोचले की लगेच झोपत नाहीत, काही वेळ जागेवरच गोल गोल फिरत राहतात, म्हणजे 'झालं का, झालं का' विचारत बसतात, आणि त्यालाही सीपीयू खर्च होतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबात ते कामच आहे.

यावर एक झकास युक्ती आहे. 'ओएमपी वेट पॉलिसी' हे व्हेरिएबल पॅसिव्ह करा आणि प्रोग्रामपुढं 'टाइम' लावून चालवा. आता थांबलेले थ्रेड खरंच झोपतात. 'टाइम' तीन आकडे देतो, रिअल (घड्याळाचा वेळ), युजर (तुमच्या कोडनं सगळ्या कोअरवर मिळून घेतलेला), सिस (कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं घेतलेला). युजरला रिअलनं भागा, सरासरी किती कोअर खरं काम करत होते ते कळतं. आठ थ्रेड आणि भागाकार 4.5, म्हणजे साडेतीन कोअर नुसते बसून. सिस फुगलेला असेल तर कर्नलमध्ये वेळ जातोय, लॉकची झटापट, पेज फॉल्ट (मेमरीचं पान जागेवर नसणं), फाइल वाचन असलं काहीतरी.

यानंतर 'पर्फ स्टॅट'. पर्फ लिनक्स कर्नलबरोबरच येतं, 2009 च्या 2.6.31 व्हर्जनपासून, उबुंटूवर लिनक्स टूल्सचं पॅकेज टाकावं लागतं. परवानगी नाही म्हणून ओरडलं तर 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' नावाची कर्नल सेटिंग 1 वर आणा, स्वतःच्या मशीनवर हं, लॅबच्या सर्व्हरवर ॲडमिनला विचारून. आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये करत असाल तर सायकल्सच्या जागी नॉट सपोर्टेड येईल, तिथं हार्डवेअर काउंटर बऱ्याचदा मिळतच नाहीत, त्यावर डोकं फोडू नका, पेन ड्राइव्हवरून लिनक्स बूट करा आणि मोकळे व्हा. आउटपुटमध्ये तीनच गोष्टी बघा: कॉन्टेक्स्ट स्विच (कोअरवर एका थ्रेडच्या जागी दुसरा आणणं) किती, सीपीयू मायग्रेशन (थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर जाणं) किती, आणि एका सायकलमागं इन्स्ट्रक्शन किती. शेवटचा आकडा एका थ्रेडला 2 च्या आसपास असेल आणि आठ थ्रेडला पार 0.6 वर आला तर कोअर बिचारे डेटाची वाट बघतायत असा दाट संशय घ्या.

कोणतं फंक्शन, कोणता थ्रेड

आता 'पर्फ रेकॉर्ड' डॅश जी देऊन, आणि मग 'पर्फ रिपोर्ट'. कंपाइल करताना ओ-टू ठेवा, डीबगसाठीचा डॅश जी पण ठेवा आणि फ्रेम पॉइंटर काढू नको असं सांगणारा फ्लॅग द्या, नाहीतर कॉल स्टॅक (कुणी कुणाला बोलावलं ती साखळी) अर्धवट येतो. ओ-झीरोवर (वेगासाठी काहीच न करता) प्रोफाइल काढणारे भेटतात अजून, तो दुसऱ्याच प्रोग्रामचा रिपोर्ट असतो राव.

रिपोर्टमध्ये वरच्या नावांत तुमची फंक्शन दिसली तर बरंच आहे. गॉम्प (जीसीसी कंपायलरची ओपनएमपी लायब्ररी) आणि बॅरिअर वेट असलं नाव वर आलं तर थ्रेड एकमेकांसाठी थांबलेत, आणि फ्युटेक्स (लॉकसाठी थ्रेडला झोपवायची लिनक्सची सोय) सारखं सारखं दिसलं तर लॉकवर रांग लागलीय. पर्फ साधारणपणे जो चालू आहे त्याचीच नोंद करतो, झोपलेल्याची नाही, हे लक्षात ठेवा. म्हणजे पॅसिव्ह पॉलिसी ठेवून रेकॉर्ड केलं तर बॅरिअर गायब होईल आणि रिपोर्ट एकदम स्वच्छ दिसेल. म्हणून 'टाइम'ला पॅसिव्ह, 'रेकॉर्ड'ला ॲक्टिव्ह.

टर्मिनलमधली ती झाडं वाचून डोळे गेले तर हॉटस्पॉट नावाचं फुकटचं ग्राफिकल टूल आहे, पर्फची फाइल त्यात उघडायची. त्यात फ्लेम ग्राफ मिळतो, ही पद्धत ब्रेंडन ग्रेगनं 2011 मध्ये काढली. पट्टी जितकी रुंद तितका त्या फंक्शनचा वाटा, पण डावीकडून उजवीकडं म्हणजे वेळ नव्हे, यात निम्मे लोक गोंधळतात. पॅरलल कोडसाठी त्याहून कामाची हॉटस्पॉटची खालची टाइमलाइन, प्रत्येक थ्रेडची वेगळी ओळ. आपल्या टॉवेलच्या प्रोग्रामात तिथं काय दिसेल सांगतो: सुरुवातीला बराच वेळ एकच ओळ भरलेली, बाकी सात रिकाम्या. का, तर सगळे फोटो आधी एका लूपमध्ये डिस्कवरून वाचून घेतलेत. मग आठही ओळी भरतात, आणि शेवटी सहा-सात थ्रेड मोकळे आणि एकटा तिसरा राबतोय.

तो तिसरा का राबतोय? जीसीसीमध्ये काही न सांगता लूप वाटला तर सलग समान तुकडे पडतात. दोषवाले फोटो एकाच रोलचे असल्यानं सलग आलेत, आणि दोष असलेल्या फोटोला वेळ जास्त लागतो, म्हणजे जड काम सगळं एकाच्याच ताटात. शेड्यूल डायनॅमिक करा, म्हणजे जो मोकळा होईल त्याला पुढचं काम, चंक (एका वेळी द्यायच्या फेऱ्या) 8 किंवा 16 देऊन बघा. पण डायनॅमिक म्हणजे रामबाण नाही, लूपची एकेक फेरी अगदी चिमुकली असेल आणि चंक 1 असेल तर काम वाटण्यातच वेळ जातो. फोटोसारख्या जाड कामाला डायनॅमिक, ॲरेच्या बेरजेला स्टॅटिक (आधीच ठरलेली वाटणी), इतकं धरून चाला.

न दिसणारी भांडणं

आता ते प्रकरण, ज्यात कोडमध्ये लॉक नाही, वाटणी समान आहे, तरी आठ थ्रेड एका थ्रेडपेक्षा हळू. प्रत्येक थ्रेडनं किती दोष सापडले ते मोजायला एक आठ घरांचा इंट ॲरे केलाय, प्रत्येकाचं घर वेगळं, कुणी कुणाच्या घरात जात नाही, मग भांडण कसलं? भांडण कॅशे लाइनचं, म्हणजे कॅशेत एकदम आणल्या जाणाऱ्या तुकड्याचं. एक लाइन 64 बाइटची, आठ इंट मिळून 32 बाइट, म्हणजे आठही घरं बहुतेक एकाच लाइनवर. एका कोअरनं आपल्या घरात लिहिलं की बाकीच्यांची अख्खी लाइन रद्द, त्यांनी पुन्हा मागवायची. ही लाइन दिवसभर या कोअरकडून त्या कोअरकडं फिरत राहते. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात आणि कोड वाचून हे सहसा डोळ्यांना दिसत नाही.

त्यासाठी 'पर्फ सीटूसी'. 'सीटूसी रेकॉर्ड' करायचं, मग 'सीटूसी रिपोर्ट', आणि हिट-एम या रकान्यात कुठल्या लाइनवर सगळ्यात जास्त आकडे आहेत ते बघायचं. हिट-एम म्हणजे मागितलेला डेटा दुसऱ्या कोअरच्या कॅशेत बदललेल्या अवस्थेत सापडला. खाली कुठल्या सोर्स ओळीनं लिहिलं, कुठल्या ओळीनं वाचलं तेही येतं. इंटेलच्या प्रोसेसरवर हे नीट चालतं. उपाय अगदी फालतू आहे: थ्रेडच्या आत लोकल व्हेरिएबल घ्या आणि शेवटी एकदाच बेरीज करा, किंवा हेच आपोआप करणारं ओपनएमपीचं रिडक्शन वापरा.

दुसरं न दिसणारं प्रकरण मेमरी बँडविड्थचं (रॅममधून सेकंदाला किती डेटा येतो), आणि यात चूक कुणाचीच नसते. हिशोब बघा. डीडीआर4-3200 ची रॅम दोन चॅनेलनं लावली तर कागदावरचा कमाल वेग सेकंदाला 51.2 गिगाबाइट. एक ॲरे गुणिले आकडा अधिक दुसरा ॲरे, उत्तर तिसऱ्यात, अशा डबलच्या (8 बाइटच्या आकड्यांच्या) लूपमध्ये एका फेरीला 2 गणितं आणि 24 बाइटची ने-आण. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 4.3 अब्ज गणितं, बास. आणि एव्हीएक्स-2 चा (एका सूचनेत अनेक आकड्यांवर गणित), दोन एफएमए युनिटचा (गुणाकार आणि बेरीज एकदम) एकच कोअर 3 गिगाहर्ट्झला कागदावर 48 अब्ज करू शकतो. मग आठ कोअर देऊन काय होणार, दोन-तीन कोअरमध्येच रॅमचा रस्ता भरतो आणि बाकीचे उभे. खात्री करायला जॉन मॅकॅल्पिनचा स्ट्रीम बेंचमार्क (मेमरीचा खरा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा, ॲरे शेवटच्या कॅशेच्या निदान चौपट ठेवून. स्ट्रीमला मिळालेल्या आकड्याजवळ तुमचा प्रोग्राम आधीच पोचलेला असेल तर थ्रेडचा नाद सोडा आणि डेटा कमी वेळा आणायचं बघा, दोन लूप एकत्र करा, डबलच्या जागी फ्लोट (4 बाइटचा आकडा) चालतंय का बघा, फोटोचे छोटे तुकडे करून कॅशेत असतानाच सगळं उरकून घ्या. 2009 मध्ये बर्कलीच्या विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी मांडलेलं रूफलाइन मॉडेल म्हणजे हाच हिशोब ग्राफवर.

इंटेलचं व्हीट्यून फुकट मिळतं आणि वरचं बरंचसं क्लिक करून दाखवतं, थ्रेडिंगचं वेगळं, मेमरीचं वेगळं. एएमडीवाल्यांना यूप्रॉफ. चांगली टूल आहेत, पण पर्फ आधी शिका असं माझं मत, कारण ते कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर सापडतं आणि एसएसएचवरून (दूरच्या मशीनच्या टर्मिनलवर) चालतं. जीप्रॉफ मात्र आता सोडा, 1982 चं आहे, सिलॅबसमध्ये अजून दिसतं म्हणून सांगतो, थ्रेड आले की त्याच्या आकड्यांचा भरवसा नाही.

पायथॉनवाल्यांसाठी

मल्टिप्रोसेसिंगचे आठ प्रोसेस केले, आत नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी), आणि मशीन रडायला लागलं? नमपायच्या खालची ओपनब्लास लायब्ररी मॅट्रिक्सच्या कामाला स्वतःचे थ्रेड उघडते. आठ प्रोसेस गुणिले आठ थ्रेड, चौसष्ट जण आठ कोअरवर. 'पर्फ स्टॅट'मध्ये कॉन्टेक्स्ट स्विच आभाळाला लागलेले दिसतील. 'ओपनब्लास नम थ्रेड्स' 1 करा, बस्स. नुसते पायथॉन थ्रेड वापरत असाल तर 'पाय-स्पाय टॉप' लावा, चालू प्रोसेसला चिकटतं, कोड बदलायला लागत नाही, जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं लॉक) किती टक्के अडकलंय ते वरच लिहून येतं.

एमपीआय आणि मोठी मशीन

इथपर्यंत एक मशीन. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन 2015 मध्ये सुरू झालं, त्यातला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत आहे, आणि तुमच्या गाइडमुळं असल्या क्लस्टरवर अकाउंट मिळालं तर तिथं एमपीआय (वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोसेसनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत) असतं आणि थांबण्याचे प्रकार बदलतात. सगळ्यात नेहमीचा म्हणजे लेट सेंडर: घेणारा रिसीव्ह लावून बसलाय, पाठवणाऱ्याचं काम अजून चालूच आहे. पर्फ इथं नुसतं 'एमपीआय रिसीव्हमध्ये वेळ गेला' सांगेल, दोष कुणाचा ते नाही.

आधी एमपीआय-पी लावा, हलकं आहे, कुठल्या कॉलवर किती वेळ गेला ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये देतं. त्यावरून भागलं नाही तर स्कोर-पी. कंपाइलच्या कमांडपुढं 'स्कोरपी' लिहून पुन्हा बिल्ड करा, जॉब चालवा, प्रोफाइल क्यूब नावाच्या व्ह्यूअरमध्ये उघडा. आणि ट्रेस (प्रत्येक घटनेची वेळेसकट नोंद) घेऊन जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राशी जोडलेलं स्कलास्का चालवलं तर ते लेट सेंडर वगैरे स्वतःच ओळखून, कुठल्या रँकमुळं (एमपीआयमधल्या एका प्रोसेसमुळं) किती वाट बघावी लागली ते मांडून देतं. टाइमलाइन डोळ्यांनी बघायची असेल तर व्हॅम्पिर आहे, पण त्याला लायसन्स लागतं, बार्सिलोनाच्या सुपरकॉम्प्युटिंग सेंटरचं पॅराव्हर फुकट आहे, शिकायला जरा किचकट. पुन्हा बिल्ड करणं शक्य नसेल तर राइस युनिव्हर्सिटीचं एचपीसीटूलकिट किंवा ओरेगॉनचं टाऊ, दोन्ही तयार प्रोग्रामवर चालतात.

ट्रेस घेताना एकच काळजी, पहिल्याच दिवशी 512 रँक आणि पूर्ण रन घेऊ नका. ट्रेसमध्ये प्रत्येक फंक्शनचं येणं-जाणं लिहिलं जातं, छोटी छोटी फंक्शन कोट्यवधी वेळा बोलावली गेली की फाइल तुमचा सगळा डिस्क कोटा खाऊन टाकते आणि प्रोग्रामही त्या लिहिण्यानंच हळू होतो, मग तुम्ही मोजताय ते टूललाच. आधी प्रोफाइल घ्या, त्यावरून 'स्कोरपी-स्कोर' चालवा, ट्रेस किती मोठा होईल त्याचा अंदाज ते देतं, चिल्लर फंक्शन फिल्टर फाइलमध्ये टाका, मग 16 रँक आणि थोड्याच फेऱ्या घेऊन ट्रेस काढा. बऱ्याच वेळा लेट सेंडर तेवढ्यातही दिसतो.

जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) असेल तर एनव्हिडियाचं एनसाइट सिस्टिम्स आधी आणि एनसाइट कॉम्प्यूट नंतर. उलटं करू नका. पहिलं सांगतं की जीपीयू मधेमधे रिकामा का बसला, आणि नवख्या कोडमध्ये बहुतेक वेळा तो कर्नलमुळं (इथं कर्नल म्हणजे जीपीयूवर चालणारं फंक्शन) अडलेला नसतो, सीपीयूकडून डेटा यायची वाट बघत असतो.

आणि अडलात, कुणाला विचारायचं ठरवलं, तर 'माझा प्रोग्राम स्लो आहे' एवढंच लिहून पाठवू नका. 'एलएससीपीयू'चं आउटपुट, 1-2-4-8 थ्रेडचे वेळ, 'पर्फ स्टॅट'चे एक थ्रेड आणि आठ थ्रेडचे दोन रिपोर्ट, आणि कंपाइलची पूर्ण कमांड, एवढं जोडा. स्क्रीनचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको, टेक्स्ट कॉपी करून पेस्ट करा की ओ.